कॅश जुळली नाही की शुगर चढते : टेन्शनचा हिशेब वहीत कसा धरायचा

संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते. काउंटर केव्हाच बंद झाला होता आणि माझी कॅश जुळत नव्हती. एक अख्खी गड्डी कमी. तीनदा मोजलं, व्हाउचरं उलटीपालटी केली, कचऱ्याचा डबासुद्धा फरशीवर पालथा केला. कान गरम, तळहात गार. शेवटी गड्डी सापडली ती नोटा मोजायच्या मशीनच्या मागे, भिंतीला चिकटून पडलेली. घरी आले, हात धुतले, शुगर बघितली. २३१. दुपारी एकला जेवले होते, त्यानंतर पाण्याशिवाय तोंडात काही गेलं नव्हतं. एरवी या वेळेला माझा आकडा १३०-१४०च्या आसपास असतो.

नवऱ्याने आधी मीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "खरं सांग, काय खाल्लंस?"

मला टाइप २ मधुमेह आहे, अकरा वर्षं झाली, आणि हा प्रश्न मी अकरा वर्षं ऐकतेय. पण कॅश कमी आली की "असेल कुठेतरी" म्हणून घरी निघून जायची सवय मला नाही. एकोणतीस वर्षं काउंटरवर काढलीत. म्हटलं, ही जादाची साखर आली कुठून, तेही शोधूच. खाली लिहिलंय ते त्या शोधातून हाती लागलेलं. मी डॉक्टर नाही, कॅशिअर आहे. तेव्हा हे वाचून गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस स्वतःच्या मनाने बदलू नका.

खाल्लं नाही, मग साखर आली कुठून?

यकृतातून. जेवणातली जास्तीची साखर यकृत ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं, साधारण १०० ग्रॅम. आणि अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी साखर असते ती ४-५ ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर. स्ट्राँगरूममधली रोकड आणि काउंटरवरचा गल्ला, असं समजा. स्ट्राँगरूमचं दार नुसतं किलकिलं झालं तरी गल्ला ओसंडतो.

दार उघडायला लावतं ॲड्रेनलिन हे ताणाचं हार्मोन. माणूस घाबरला, चिडला, कोंडीत सापडला की ते काही सेकंदांत रक्तात उतरतं. यकृताला म्हणतं साखर सोड, आणि स्वादुपिंडाला म्हणतं इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर उतरवणारं हार्मोन, जरा आवरतं घे. साखर चढवणारं ग्लुकॅगॉन हे हार्मोनही त्याच्या जोडीला येतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं हार्मोन मागून येतं, सावकाश, पण आलं की मुक्काम ठोकतं. ते यकृताकडून प्रथिनांपासून नवी साखर बनवून घेतं आणि स्नायूंना इन्सुलिनचं ऐकू देत नाही. ही सगळी तयारी पळण्यासाठी नाहीतर दोन हात करण्यासाठी असते. मी खुर्चीत बसून नोटा मोजत होते.

मधुमेह नसलेल्या माणसाचं स्वादुपिंड थोड्या वेळाने जादा इन्सुलिन सोडून हिशेब मिटवून टाकतं. माझं आता तेवढं चपळ राहिलेलं नाही, म्हणून आकडा चढतो आणि चढलेला राहतो.

धडधाकट माणसांनाही हे चुकत नाही. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१३च्या हंगामातल्या शेवटच्या, सगळ्यात चुरशीच्या सामन्यानंतर हार्वर्डच्या फुटबॉल चमूतल्या २५ जणांची लघवी तपासली. १२ जणांच्या लघवीत साखर निघाली. (रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की ती लघवीत उतरायला लागते.) गंमत अशी की त्या बारांतले पाच राखीव खेळाडू होते, मैदानात उतरलेच नव्हते. हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं. "म्हणजे तू राखीव खेळाडू," तो म्हणाला. पण त्या दिवसापासून "काय खाल्लंस" जरा कमी झालं.

वही कशी आखायची

"माझी शुगर टेन्शनने वाढते" असं निम्मे मधुमेही म्हणतात, आणि उरलेले निम्मे म्हणतात की टेन्शनचा काही संबंध नाही. वही दोघांकडेही नसते. साधी वही घ्या, पाच रकाने आखा : वेळ, जेवून किती तास झाले, आदल्या रात्रीची झोप, टेन्शन, शुगर. टेन्शनला ० ते १० यांतला आकडा द्यायचा. ० म्हणजे सुट्टीची दुपार, १० म्हणजे गड्डी सापडत नाही.

यात एक गोष्ट मला फार उशिरा सुचली, आणि माझ्या मते सगळी वही तिच्यावर उभी आहे. टेन्शनचा आकडा मीटर बघायच्या आधी लिहायचा. मीटरवर २१० दिसले की कुठलाही दिवस टेन्शनचा वाटायला लागतो. "हो की, सकाळी त्या गिऱ्हाइकाने आवाज चढवला होता." तेच १२८ आले असते तर ते गिऱ्हाईक आठवलंही नसतं. माझी पहिली दहा पानं अशीच होती, शुगर बघून मागाहून भरलेली. सरळ फाडून टाकली.

वेळ एकच धरा. स्ट्रिप फुकट येत नाहीत, दिवसातून सात वेळा बोट टोचून काही होत नाही. माझी वेळ संध्याकाळी साडेसहाची, रात्रीच्या जेवणाआधीची. तुमच्या दिवसात ताण जिथे साचतो, त्याच्या मागोमागची वेळ निवडा आणि तीन आठवडे तीच ठेवा. तुलना मंगळवार संध्याकाळची गुरुवार संध्याकाळशी करायची, सकाळशी नाही. माझ्या वहीतल्या दोन ओळी अशा आहेत :

मंगळ, ६.३०. जेवून साडेपाच तास. झोप ६ तास. टेन्शन २. शुगर १३८.
शुक्र, ६.३५. जेवून साडेपाच तास. झोप ६ तास. टेन्शन ८. शुगर १९७.

जेवणातलं अंतर तेच, झोप तीच, गोळी वेळेवर. फरक फक्त चौथ्या रकान्यात. असा जोड सापडला की समजायचं काहीतरी हाती लागतंय. एका जोडावर निकाल देऊ नका, निदान तीन तरी हवेत.

मीटर किती खरं बोलतं हेही माहीत हवं. घरच्या मीटरसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यात १०० किंवा त्याच्या वरच्या आकड्यात १५ टक्के इकडेतिकडे चालतात, आणि शंभरातल्या ९५ वेळा तेवढ्या मर्यादेत बसलं तरी मीटर पास होतं. म्हणजे १४० आणि १५२ हा फरकच नव्हे. मी २५-३० पॉइंटच्या आतल्या चढउताराकडे बघतच नाही. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करा, कारण फळ सोललेल्या बोटाची साखरही स्ट्रिप मोजते. दंडाला सेन्सर लावत असाल तर तो रक्तातली नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो आणि पाच-दहा मिनिटं मागे चालतो. आकडा झपाट्याने हलत असेल तेव्हा बोट टोचून खात्री करा.

माझा ताळेबंद

एकवीस दिवसांत टेन्शन ६ किंवा त्याहून जास्त असलेले दिवस निघाले सात. सातही दिवस शुगर चढलेली असणार अशी माझी पैज होती.

तीन दिवस खरोखर निव्वळ टेन्शनचे होते. खाण्यात बदल नाही, गोळी चुकलेली नाही, तरी आकडा ५० ते ९० पॉइंटनी वर. दोन दिवस गर्दीमुळे जेवायलाच साडेतीन वाजले होते, म्हणजे साडेसहाचा आकडा जेवून तीन तासांनंतरचा. त्यात टेन्शन किती आणि जेवण किती, कोण सांगणार? एक दिवस दुपारची गोळी पर्समध्येच राहिली होती. आणि एक दिवस टेन्शन ८ असताना शुगर १४१, बाई अगदी शहाणी.

या हिशेबाने माझा अहंकार जरा उतरला. टेन्शन दोन वाटांनी येतं. एक वाट हार्मोनची, ती मला बंद करता येत नाही. दुसरी वाट अशी : उशिरा जेवणं, गोळी विसरणं, चालायला न जाणं, हाताला लागेल ते तोंडात टाकणं. ती मला बंद करता येते. म्हणून वही भरताना तिन्ही प्रश्न विचारा : जेवण वेळेवर झालं का, औषध घेतलं का, रोजचं हिंडणं-फिरणं झालं का? तिन्हींना "हो" असेल तरच चढलेला आकडा टेन्शनच्या खात्यात टाकायचा.

सगळ्यांच्या अंगात हे एकसारखं चालत नाही. माझ्या भाचीला टाइप १ आहे, म्हणजे तिचं शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. परीक्षेच्या आधी तिची शुगर चढते आणि पेपर टाकून बाहेर आली की कधीकधी धाडकन खाली येते. टाइप १मध्ये ताणाने शुगर वर जाईल की खाली हे माणसागणिक बदलतं. टाइप २मध्ये ती बहुधा वरच जाते.

थरथर सुटली तर आधी बोट टोचा

इथे मी दोन्ही बाजूंनी आपटलेय, म्हणून सविस्तर लिहिते. वरिष्ठांची तपासणी होती. हात कापायला लागले, घाम फुटला, छातीत धडधड. मला वाटलं शुगर उतरली. पर्समधली ग्लुकोज पावडर तीन चमचे तोंडात टाकली आणि मग मीटर काढलं : २४४. आधीच चढलेल्या शुगरवर मी आणखी साखर ओतली होती.

पुढे महिनाभराने तसंच झालं. यावेळी शहाणपणा केला, "टेन्शन आहे, जाईल" म्हणून बसून राहिले. शेजारच्या काउंटरवरचीने बघितलं, मी एकाच नोटेचा नंबर दुसऱ्यांदा लिहीत होते. तिने बळेच बोट पुढे करायला लावलं. ६१.

कारण सरळ आहे. शुगर उतरली की ती वर काढायला शरीर ॲड्रेनलिनच सोडतं, आणि घाबरलो तरी ॲड्रेनलिनच. अंगावर उमटणारी चिन्हं तीच. नुसत्या अंदाजाने यातलं काय ते कळत नाही, कळायला मीटर लागतं. ७०च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा बघा, अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. मीटर जवळ नसेल तर मात्र शुगर उतरलीय असंच धरून साखर घ्या. चुकून चढलेली परवडते, उतरलेली नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि माझ्यासारख्या ग्लिमेपिराइडच्या गटातली (स्वादुपिंडाला जादा इन्सुलिन सोडायला लावणारी) गोळी घेणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं, कारण यांनी शुगर फार उतरू शकते. ब्लडप्रेशरसाठी किंवा धडधडीसाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर धडधड आणि थरथर दबून जाते. उरतो तो घाम. त्या माणसाने घामावर नजर ठेवायची.

चढलेली आहे, आता काय?

पहिली गोष्ट, जादा गोळी घ्यायची नाही. सांगितलेलं नसताना जादा इन्सुलिनही नाही. कारण टेन्शन ओसरलं की यकृताचं दार आपोआप मिटायला लागतं, आकडा पुढच्या काही तासांत उतरणारच असतो. त्यात तुम्ही जादा डोस टाकलात तर रात्री दोन वाजता घामाने जाग येईल.

मी काय करते? पाणी पिते आणि पंधरा मिनिटं चालते, गप्पा मारता येतील एवढ्या वेगाने. ऑफिसात असले तर लांब पॅसेजमध्ये येरझाऱ्या. स्नायू आकुंचन पावत असतात तेव्हा ते इन्सुलिनच्या परवानगीवाचूनही रक्तातली साखर ओढून घेतात, आणि कॉर्टिसॉलने अडवलेली वाट अशी बाजूने उघडते. वहीत नोंद आहे : २१२ असताना पंधरा मिनिटं चालले, दीड तासाने १६८. त्यातलं चालण्याने किती आणि नुसत्या वेळेने किती उतरलं, हे वेगळं काढता येत नाही, पण त्या दीड तासात मी फ्रिज उघडला नाही हेही थोडं नाही. जोरात पळणं किंवा वजनं उचलणं अशा वेळी टाळते, त्याने ॲड्रेनलिन आणखी वाढतं आणि काही वेळ शुगर उलट चढते. टाइप १ असेल, आकडा २५०च्या वर असेल आणि तपासणीत कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून तयार होणारी आम्लं) दिसत असतील तर व्यायाम करूच नका. त्या वेळी डॉक्टरांना फोन.

संथ श्वासही करते. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटं. माझ्या वहीत श्वासाने आकडा उतरल्याची एकही स्वच्छ नोंद नाही, हे सांगून टाकते. पण छातीतली घोडदौड थांबते, आणि मग कॅश चौथ्यांदा मोजताना चूक होत नाही. टेन्शनमध्ये कॉफीवर कॉफी मारणाऱ्यांना एवढंच सांगेन की कॅफीनही ॲड्रेनलिन वाढवतं.

महिनोन्‌महिने चालणारं टेन्शन

शुक्रवारचं टेन्शन शनिवारी सकाळी संपतं. सासूबाई आजारी होत्या ते तीन महिने तसे नव्हते. तेव्हा संध्याकाळच्या आकड्याला काही झालं नाही, हळूहळू चढली ती सकाळची उपाशीपोटीची. १२० वरून १४०, मग १५५. एचबीएवनसी ७.१ची ७.९ झाली. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून ती तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. एका वाईट शुक्रवारने ती हलत नाही, सलग वाईट रात्रींनी हलते.

आणि रात्रीच वाईट होत्या. मी दर दोन तासांनी उठत होते. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९९ साली ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. पुढे पोटभर झोप मिळाल्यावर जो वेग होता, त्याच्या तुलनेत जागरणाच्या दिवसांत त्यांच्या रक्तातून साखर हटायचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी मंदावला होता. धडधाकट तरुणांचं हे, माझ्या पन्नाशीतल्या स्वादुपिंडाने काय करावं? मी नणंदेशी बोलले आणि रात्री वाटून घेतल्या, एक आड एक. दोन आठवड्यांत सकाळची १३०च्या घरात आली. त्या तीन महिन्यांत गोळी, आहार काहीही बदललं असतं तरी एवढा फरक पडला नसता असं मला वाटतं. अर्थात हे माझं मत.

सकाळच्या आकड्याबाबत एक खुलासा. पहाटे चार ते आठच्या दरम्यान कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन सगळ्यांचंच चढतं, शरीर जागं व्हायच्या तयारीत असतं. त्यामुळे रात्री झोपतानापेक्षा सकाळची शुगर थोडी जास्त असणं हे टेन्शनचं लक्षण नाही.

टेन्शनच्या नावावर काहीही खपवू नका

एकदा सलग चार दिवस २२०-२३०. वहीत मी चारही दिवस टेन्शन ७ लिहिलं होतं, आणि खरंच कामाचा डोंगर होता. पाचव्या दिवशी गाल सुजला. दाढेच्या मुळाशी पू झाला होता. कुठलाही संसर्ग शरीराच्या दृष्टीने ताणच, हार्मोन तेच, पण त्याला येरझाऱ्यांचा उपयोग नाही. म्हणून शांत दिवशीही, सुट्टीच्या दिवशीही आकडा चढलेलाच राहिला तर टेन्शन सोडून दुसरीकडे बघा : दात, लघवीची जळजळ, पायाची जखम, ताप. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा गुडघ्यात घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन काही दिवस शुगर चढवतं. इन्सुलिन उन्हात राहिलं असेल तर ते निकामी झालेलं असू शकतं. आकडा २५०च्या वरून हलत नाही आणि जोडीला उलट्या, पोटात दुखणं, धाप किंवा गुंगी असेल, तर वही मिटा आणि दवाखाना गाठा.

मीटरचंच टेन्शन येतं तेव्हा

मधुमेहाचा वैताग ही स्वतंत्र गोष्ट आहे, आणि ती मोजण्यासाठी १९९५ सालापासून २० प्रश्नांची एक प्रश्नावलीही वापरात आहे. मला तो वैताग वहीमुळेच आला. दुसऱ्या महिन्यात मी टोचण्याआधीच धास्तावायला लागले, टेन्शनच्या रकान्यात ५ लिहायचे आणि कारण विचारलं तर : मीटर. तेव्हा बंद केली वही. आता वर्षातून दोनदा, तीन-तीन आठवडे भरते, मधल्या काळात डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या तेवढ्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर ते शुगरच्या डॉक्टरांनाही सांगा. त्यांचा विषय नाही असं आपल्याला वाटतं, पण तो असतो.

डॉक्टरांकडे अख्खी वही नेऊ नका, त्यांना वेळ नसतो. एका पानावर जोड लिहून न्या, शांत दिवस डावीकडे, टेन्शनचा दिवस उजवीकडे. माझ्या डॉक्टरांनी ते पान दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "उजवीकडे सगळे शुक्रवारच कसे?" माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. शुक्रवारी भरणा सगळ्यात जास्त असतो. औषधात त्यांनी काही बदल केला नाही. आता शुक्रवारचं माझं ठरलेलं असतं : जेवण काहीही झालं तरी दीडच्या आत, गोळी डब्याच्या झाकणाला चिकटवलेली, आणि कॅश मोजायला बसण्याआधी एकदा मशीनच्या मागे हात घालून बघायचं.